‘फरशी एकदाच होते’ असं म्हणणाऱ्यांना

सातारा, देवळाई, हर्सूल, पडेगाव, मिटमिटा. छत्रपती संभाजीनगरच्या या कडांना वीस बाय तीसच्या प्लॉटवर घर बांधणाऱ्या कुटुंबाला शेवटच्या टप्प्यात एक वाक्य हमखास ऐकावं लागतं. प्लास्टर झालेलं असतं, नळाचे पाइप आणि विजेच्या नळ्या भिंतीत गेलेल्या असतात, बँकेचा शेवटचा हप्ता तेवढा यायचा असतो. तेव्हा दाजी म्हणतात, शेजारी म्हणतो, ठेकेदार म्हणतो आणि टाइल्सच्या दुकानातला माणूस तर म्हणतोच, “फरशी एकदाच होते हो. तिथं हात आखडता घेऊ नका.”

हे वाक्य मला मान्य नाही. ते आपुलकीनं म्हटलेलं असतं, पण त्यापायी कितीतरी कुटुंबांनी चुकीच्या जागी पैसा घातला आहे. ज्यांच्याकडे पैसा मुबलक आहे त्यांनी घरात काय घालावं, हा माझा विषय नाही. मी बोलते आहे ती वाळूज किंवा चिकलठाण्याच्या कारखान्यातल्या पगारावर, पीएफ काढून, गावाकडचं अर्धा एकर विकून, सोनं गहाण ठेवून घर उभं करणाऱ्यांबद्दल. पंतप्रधान आवास योजनेत स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्याला शहरी भागात अडीच लाखांचं अनुदान मिळतं, त्या अडीच लाखांचा एकेक हजार मोजून वापरणाऱ्यांबद्दल. अशा घरात फरशीची निवड सर्वांत शेवटी येते. तोवर पैसा संपत आलेला असतो आणि माणसं थकलेली असतात. नेमक्या त्या वेळी त्यांना सांगितलं जातं की आता मागे-पुढे पाहू नका.

आधी हे तपासू की कोणती फरशी खरोखर एकदाच होते.

सिडकोनं १९७० च्या दशकापासून या शहरात वसाहती उभ्या केल्या. त्या काळातल्या कित्येक घरांत अजून मोझेक आहे. सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या चिपा, वरून घासून गुळगुळीत केलेल्या. ती फरशी काळवंडली तर पॉलिशवाला बोलावतात, मशीन फिरतं, वरचा मळकट थर घासला जातो आणि खालून तीच फरशी नव्यानं वर येते. कोटा आणि तांदूरचंही तसंच आहे, कारण दगड वरपासून खालपर्यंत दगडच असतो. घर बांधणाऱ्याच्या नातवालाही तो पुन्हा घासून घेता येतो.

आज दुकानात ‘भारी’ म्हणून जी टाइल पुढे केली जाते ती बहुतेक वेळा जीव्हीटी, म्हणजे ग्लेझ्ड व्हिट्रिफाइड असते. तिच्यावरच्या संगमरवराच्या शिरा यंत्रानं छापलेल्या असतात आणि त्यावर काचेसारखा थर भाजलेला असतो. हा थर मिलिमीटरभरही जाड नसतो. तो झिजला, त्यावर वाळूचे ओरखडे उठले, तर ते घासून काढायला खाली दुसरं काही नसतं. डबल चार्ज टाइलचा रंगीत थर तीन-चार मिलिमीटरचा असतो, म्हणून ती जास्त दमदार. पण तिच्यात नक्ष्यांची एवढी विविधता येत नाही, म्हणून ग्राहकाची नजर तिच्यावर ठरत नाही.

त्यात भर म्हणजे फुटलेल्या टाइलला जोड मिळत नाही. आपल्याकडे येणारा बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीचा. तिथले कारखाने डिझाइन सतत बदलतात आणि एका डिझाइनची पुढची बॅच आली तरी छटेत फरक पडतो. सहा-सात वर्षांनी गॅसचं सिलिंडर आपटून एक टाइल फुटली, तर बरोबर तशीच टाइल मिळणं जवळपास अशक्य असतं. मग एकतर ठिगळ लावायचं, नाहीतर अख्खी खोली उकरायची. (यावरचा एकमेव उपाय कुणी सांगत नाही म्हणून इथेच सांगते. त्याच बॅचचा एक खोका जास्तीचा घेऊन जिन्याखाली ठेवून द्यायचा.)

थोडक्यात, ‘एकदाच होते’ हीच कसोटी लावायची असेल तर या मंडळींनी कोट्याची शिफारस करायला हवी. पण या वाक्याच्या शेवटी कोटा येत नाही, दोन बाय चारची चकचकीत टाइल येते.

आता पैशाचं बघू. वीस बाय तीसच्या प्लॉटवर खाली-वर बांधकाम केलं की जिना आणि स्कर्टिंग धरून फरशीचं काम साधारण हजार चौरस फुटांचं होतं. दुकानात ‘फक्त शंभर रुपये फुटाला जास्त’ असं म्हणतात तेव्हा ते एक लाख रुपये असतात. ते गृहकर्जातून आले आणि व्याज नऊ टक्के, मुदत वीस वर्षं धरली, तर त्या एका लाखाचा हप्ता महिन्याला सुमारे ९०० रुपये पडतो आणि वीस वर्षांत २ लाख १६ हजारांच्या आसपास परतफेड होते. फरशी एकदाच होत असेल, पण तिचा हप्ता २४० वेळा भरावा लागतो. हा हिशेब दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर कुणी करून दाखवत नाही.

आणि याच एका लाखाला त्या घरात कुठे कुठे काम होतं? इथे माझा खरा मुद्दा सुरू होतो.

आपल्या शहराच्या कडेला, विशेषतः जिथे काल-परवापर्यंत शेतं होती तिथे, काळी माती आहे. कापसाची माती. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आटून तिला हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही, पण तोच माणूस घर बांधताना हे विसरतो. कारण खांब आणि पाया खोल गेलेला असतो, आणि घर पक्कं झालं असं वाटतं. खालच्या मजल्याची फरशी मात्र खांबांवर टेकलेली नसते. जोत्याच्या आत जी भर घातलेली असते तिच्यावर ती बसलेली असते. भर खचली की फरशी खचते, मग वरती शहाबादी असो की इटालियन मार्बल.

ही भर कशाची घालतात ते एकदा साइटवर उभं राहून पाहा. पायाच्या खड्ड्यातून निघालेली काळी माती बाजूला ढीग करून ठेवलेली असते. ती उचलून नेण्याचा ट्रॅक्टरचा खर्च वाचवायचा म्हणून तीच परत जोत्यात ढकलली जाते. वरून विटांचे तुकडे, प्लास्टरचा पडलेला माल, कधी सिमेंटच्या रिकाम्या गोण्यासुद्धा. त्यावर एक पाइप सोडून पाणी मारतात आणि झालं. दोन पावसाळे गेले की दिवाणखान्यात चालताना फरशी पोकळ वाजायला लागते. भिंतीशी स्कर्टिंगखाली बोटभर फट दिसते. कोपऱ्यातली टाइल वर उचलली जाते. मग दोष टाइलच्या कंपनीला दिला जातो.

नीट करायचं तर काळी माती पूर्ण बाहेर काढून मुरूम आणावा लागतो. तो सहा ते आठ इंचांच्या थरानं टाकायचा, प्रत्येक थराला पाणी द्यायचं, धुम्मस मारायची किंवा मशीननं ठोकायचं, आणि मगच पुढचा थर. त्यावर दगडाचं सोलिंग, उभे दगड लावून फटीत मुरूम भरलेलं. वाळवीचं औषध याच टप्प्यावर मारायचं, कारण नंतर मारायचं म्हटलं तर नवी फरशी ड्रिल करावी लागते. मग चार इंचांचा काँक्रीटचा थर, आणि त्याला आठवडाभर पाणी. इतकं झालं की वरची फरशी साधी असली तरी चालते. या सगळ्यात जो जास्तीचा खर्च येतो, तो फुटामागच्या शंभर रुपयांच्या फरकातून निघू शकतो. पण हा खर्च वास्तुशांतीच्या दिवशी कुणाला दिसत नाही. पाहुणा जोत्याच्या पोटात डोकावत नाही. म्हणून तो ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये एका ओळीत उरकलेला असतो, ‘भर घालणे’, आणि टाइलचं नाव, साइज, रंग मात्र दहा ओळींत.

एक मान्य करते. ज्यांचं फरशीपर्यंत काम आलं आहे त्यांचा भरीचा टप्पा बहुधा उलटून गेला आहे. तरीही काँक्रीटचा थर टाकण्याआधी तुम्ही असाल, तर एक पावसाळा जाऊ द्या. भर बसू द्या. राहायला जाण्याची घाई असते, भाडं चालू असतं, मुलांची शाळा असते, हे सगळं खरं आहे. मग निदान खणून पाहा, आत काय टाकलंय ते. आणि काळी माती निघाली तर टाइलचं बुकिंग थांबवून ते पैसे तिकडे वळवा.

दुसरी जागा गच्चीची. एप्रिल-मे मध्ये इथे पारा चाळिशीच्या वर जातो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब रात्रीपर्यंत तापलेला राहतो. त्या स्लॅबवर नीट वॉटरप्रूफिंग करून पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा चायना मोझेक केला, तर ऊन बऱ्यापैकी परत फेकलं जातं आणि खालच्या खोल्यांना त्याचा फरक पडतो. ही सुद्धा फरशीच आहे. घरातली सर्वांत उपयोगी फरशी कदाचित हीच. पण तिचा कॅटलॉग कुणी दाखवत नाही, आणि पैसे संपल्यावर सर्वांत आधी तिच्यावर काट मारली जाते.

आता मानाच्या मुद्द्याकडे येते, कारण खरा विरोध तिथूनच होतो. साध्या फरशीत शहाबादीचं नाव काढलं की लोक म्हणतात, ती तर गोठ्यात टाकतात. मोरीत टाकतात. गावाकडच्या घरात होती, आता शहरात येऊनही तीच?

शहाबादीबद्दल एवढी तुच्छता बाळगायचं कारण मला कळत नाही. आपण उभे आहोत तो सगळा प्रदेश बेसॉल्टचा, काळ्या कातळाचा. वेरूळ त्यातूनच कोरलं गेलं. पण हा कातळ लाव्हाचा आहे, त्याचे सहज पापुद्रे निघत नाहीत, म्हणून त्याच्या पातळ लाद्या काढणं कष्टाचं आणि महागाचं. भीमेच्या खोऱ्यात, कलबुर्गीकडे, लाव्हाच्या थराखालचा जुना चुनखडक उघडा पडतो. तो गाळाचा दगड, थराथरांनी साचलेला, म्हणून पहार लावली की लादी सुटते. निसर्गानंच सपाट करून ठेवलेला दगड, त्यामुळे स्वस्त. शहाबाद, तांदूर आणि आपलं तेव्हाचं औरंगाबाद ही तिन्ही ठिकाणं १९५६ पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होती. मराठवाड्याच्या वाड्यांत, शाळांत, कचेऱ्यांत, एसटी स्टँडांवर ही फरशी आली ती याच जवळिकीनं. तेव्हा ती दुसऱ्या दर्जाची ठरली नव्हती. ती दुसऱ्या दर्जाची ठरली मोरबीचा माल आल्यावर.

तिचे दोष आहेत, ते लपवायचं कारण नाही. थराचा दगड असल्यामुळे हलक्या प्रतीच्या शहाबादीचे पापुद्रे सुटतात. चुनखडक असल्यामुळे लिंबू, चिंच, व्हिनेगर पडलं की डाग उठतो आणि संडासाचं ॲसिड सांडलं तर पृष्ठभाग खाल्ला जातो. लादीची जाडी कमी-जास्त असते, त्यामुळे मिस्त्री हुशार लागतो. सांधे नीट भरले नाहीत तर त्यात मुंग्या आणि कचरा. हे सगळं तोलून ती घ्यायची की नाही ते ठरवा. पण ‘लोक काय म्हणतील’ हे कारण त्या यादीत ठेवू नका.

मान आणि बजेट यांचा हा झगडा या शहराला नवा नाही. बीबी का मकबरा बघा. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ मध्ये वारली आणि तिची कबर या शहरात बांधली गेली. ताजमहालाच्या तुलनेत तिच्यासाठी फार कमी पैसा मिळाला. मकबऱ्याचा खर्च ६ लाख ६८ हजार २०३ रुपये आणि ताजचा तीन कोटींच्या वर, असे आकडे जुन्या लेखनातून आपल्यापर्यंत आले आहेत. संगमरवर उत्तरेतून आणावा लागत होता. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना वाटेत संगमरवर वाहणाऱ्या सुमारे तीनशे बैलगाड्या दिसल्याचं फ्रेंच व्यापारी ताव्हेर्निए यानं नोंदवलं आहे. तो वाहतुकीचा खर्च डोळ्यांसमोर आणा. मग बांधणाऱ्यांनी काय केलं? तळाशी, माणसाची नजर आणि हात पोहोचतो तिथवर संगमरवर लावला. घुमट संगमरवरी केला. मधल्या सगळ्या भागात इथलाच बेसॉल्ट वापरला आणि त्यावर घोटीव गिलावा देऊन नक्षी काढली.

याला लोक ‘गरिबाचा ताज’ म्हणतात. मला ते म्हणणं अन्यायाचं वाटतं. साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ ती इमारत उभी आहे. पैसा कमी आहे म्हटल्यावर ती बांधणारे अता-उल्ला आणि हंसपतराय यांनी पायात कसर केली नाही. महाग दगड कुठे हवा आणि कुठे नको हे त्यांनी जागा पाहून ठरवलं. आपल्या वीस बाय तीसच्या घरात आपण नेमकं उलट करतो. महाग वस्तू सगळीकडे सारखी पसरतो आणि कसर करतो ती जोत्यात.

इथे दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही उत्तर द्यायला हवं. काही वास्तुरचनाकार आणि पर्यावरणाची काळजी करणारी माणसं म्हणतात की टाइल नकोच, सगळीकडे दगड, नाहीतर कोबा. त्यांची कळकळ मी समजू शकते, पण मर्यादित पैशाच्या घराला ही सक्ती परवडत नाही. कोटा बसवला की त्याला जागेवर पॉलिश करावं लागतं. त्याला पाणी लागतं, दिवस लागतात, घरभर चिखल होतो, आणि ती मजुरी दगडाच्या भावात धरलेली नसते. ज्या शहरात जायकवाडी पन्नास किलोमीटरवर असूनही नळाला पाणी काही दिवसांआड येतं, टँकर मागवावा लागतो, तिथे हाही हिशेब आहे. कोब्याला भेगा पडू न देणारा कारागीर आता सहज सापडत नाही. उलट साधी दोन बाय दोनची मॅट व्हिट्रिफाइड टाइल आज खरोखर परवडते. ती अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी पाणी शोषते, म्हणून हळद-तेलाचे डाग धरत नाही. लवकर बसते आणि पॉलिश मागत नाही. माझा विरोध टाइलला नाही. ‘एकदाच होते’ या धाकाखाली घेतलेल्या टाइलला आहे.

म्हणून खोलीप्रमाणे ठरवा. झोपण्याच्या खोल्यांत आणि दिवाणखान्यात साधी मॅट टाइल, दोन बाय दोन. दहा बाय अकराच्या खोलीत दोन बाय चारची टाइल बसवली की तिची पातळी साधणं जास्त कठीण होतं. एक कोपरा जरा वर राहिला तरी पायाला लागतो, आणि तो न राहू द्यायचा तर ॲडहेसिव्ह, क्लिपा आणि महागडा मिस्त्री लागतो. मागच्या धुण्याच्या जागेत, वाहन लावायच्या जागेत, अंगणात शहाबादी निर्धास्त टाका, खरबरीत बाजू वर. ओट्यावर मात्र ग्रॅनाइट घाला. तिथे चिंच आहे, लिंबू आहे, गरम कुकर आहे, रोज विळी-सुरी आहे. तिथे चुनखडक टिकत नाही आणि तिथे घातलेला पैसा रोज वापरला जातो. जिन्याच्या पायऱ्यांना कडेला खाचा मारून घ्या.

न्हाणीघराबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. इथे माणसं पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडण्यानं दगावतात, आणि त्यात साठीपुढच्यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. आपल्या घरात आजी असते, गावाकडून उपचाराला आलेले अण्णा असतात. ओल्या पायानं ते गुळगुळीत फरशीवर येतात आणि खुब्याचं हाड मोडतं. त्या एका शस्त्रक्रियेत अख्ख्या घराच्या फरशीचा खर्च निघून जातो, आणि माणूस पुन्हा पहिल्यासारखा चालतोच असं नाही. न्हाणीत अँटी-स्किड टाइल हवी. दुकानात हात लावून नका पाहू, वर पाणी ओतून ओल्या पायानं उभं राहून पाहा. ढाळ फुटाला पाव इंच मिळतोय का ते टाइल बसण्याआधी बादलीभर पाणी ओतून तपासा. बाहेरच्या फरशीपेक्षा न्हाणीची पातळी थोडी खाली हवी. याला फार पैसे लागत नाहीत, मिस्त्री काम करत असताना घरातल्या कुणीतरी तिथे उभं राहावं लागतं.

मिस्त्रीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. टाइल कापताना उडणारी धूळ साधी नसते. व्हिट्रिफाइड टाइलमध्ये सिलिका असते. बंद खोलीत कोरडं कटर चालवलं की ती बारीक धूळ कापणाऱ्या पोराच्या फुप्फुसात बसते आणि तिथून निघत नाही. सिलिकोसिस यानंच होतो. पाणी सोडून कापायला सांगा, बाहेर अंगणात कापायला सांगा, मास्क आणून द्या. घर आपलं आहे, तर ही जबाबदारीही आपली.

आता या वादातला सर्वांत जड युक्तिवाद. तो दुकानदाराचा नाही, घरातल्या मुलाचा असतो. तो म्हणतो, “आईनं आयुष्यभर शेणानं जमीन सारवली. गुडघे झिजले तिचे. आता तरी तिला संगमरवरासारखी चकचकीत फरशी देऊ द्या.” कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणकडून आलेल्या कितीतरी घरांची ही खरी इच्छा आहे, आणि तिला उत्तर देताना मला सांभाळून बोलावं लागतं. या इच्छेत हौसेपेक्षा मोठं काहीतरी आहे. आईच्या कष्टाची परतफेड करायची आहे.

पण त्या आईच्या बाजूनंच विचार करा. पांढऱ्या चकचकीत फरशीवर धुळीचा कण दिसतो. समोरचा रस्ता अजून कच्चा आहे, ड्रेनेजचं खोदकाम चालू आहे, दिवसभर माती घरात येते. बोअरचं पाणी क्षाराचं, पुसलं की वाळल्यावर पांढरे फराटे उठतात. म्हणजे पुन्हा पुसायचं, तेही जपून वापरायच्या पाण्यात. सारवणं आठवड्यातून एकदा असायचं, हे पुसणं रोज दोनदा. आणि ते कोण करतं? ज्या आईसाठी ती फरशी घातली तीच, किंवा तिची सून. त्यात पाय घसरायची भीती. त्या आईला मानाचं काही द्यायचंच असेल तर करड्या-मातकट रंगाची मॅट फरशी द्या, जिच्यावर धूळ लगेच डोळ्यांत येत नाही. न्हाणीत आधाराला दांडा बसवून द्या. तिच्या खोलीपासून संडासापर्यंत एकही उंबरठा, एकही अर्ध्या इंचाची पायरी राहू देऊ नका. आणि कोणती फरशी हवी हे तिला विचारा. कित्येक घरांत हा प्रश्न तिला कुणी विचारतच नाही. नमुने बघायला बाप-लेक जातात आणि फोटो पाठवून ‘छान आहे ना?’ एवढंच विचारतात.

शेवटचा मुद्दा विकताना येणाऱ्या किमतीचा. भारी फरशी असली की घराला भाव येतो, असं सांगितलं जातं. मोठ्या इमारतीतल्या तयार फ्लॅटबद्दल त्यात काही तथ्य असेल. देवळाईच्या किंवा पडेगावच्या प्लॉटवरच्या घराला गिऱ्हाईक येतं तेव्हा ते आधी जमिनीचा सातबारा किंवा पीआर कार्ड मागतं, गुंठेवारीचं नियमितीकरण झालंय का ते विचारतं, रस्ता किती फुटी आहे, नळाचं कनेक्शन आहे का, बोअरला उन्हाळ्यात पाणी राहतं का, हे बघतं. मग भिंतीला ओल आहे का ते बघतं. फरशी त्यानंतर. आणि फरशी बघताना जाणतं गिऱ्हाईक तिच्या चकाकीकडे पाहत नाही, टाचेनं ठोकून ती पोकळ वाजते का ते ऐकतं. गुंठेवारीचं शुल्क भरायचं राहिलंय म्हणून फाइल अडलेली आणि हॉलमध्ये मात्र दोन बाय चारची ग्लॉसी टाइल, अशा घराला भाव जास्त येत नाही, कमीच येतो. तेव्हा वर सांगितलेला लाख रुपयांचा फरक हातात असेल तर आधी ते शुल्क भरा, मग भर आणि गच्ची बघा, आणि उरलेल्या पैशात जी फरशी बसेल ती आणा.